भिंतीवरची लेबलं: ‘गम्मो’ पाहिल्यावर सोलापुरात पडलेला प्रश्न

कांडीवाला

परवा पुण्यात एका मित्राच्या खोलीवर ‘गम्मो’ पाहिला. हार्मनी कोरीनचा १९९७चा सिनेमा. तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहितोय. लांब होईल, सांभाळून घ्या.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत ओहायो राज्यात झीनिया नावाचं गाव आहे. ३ एप्रिल १९७४ला तिथे मोठं चक्रीवादळ (टॉर्नेडो) आलं, तीसहून जास्त माणसं गेली. सिनेमा त्या वादळापासून सुरू होतो आणि मग वर्षानुवर्षांनंतरच्या त्याच गावातली पोरं दाखवतो. गोष्ट अशी नाहीच. दोन पोरं सायकलवर फिरतात, भटकी मांजरं मारून विकतात, त्या पैशात नशा करतात. एक पोरगा सशाचे गुलाबी कान घालून हिंडतो, तो कोण, कुठला, काही सांगत नाहीत. मध्येच घरगुती व्हिडिओसारखी दृश्यं येतात, मध्येच पोलरॉइडचे फोटो, मध्येच कुणीतरी स्वतःशी पुटपुटतं. बहुतेक जण नट नाहीतच, जिथे चित्रीकरण झालं तिथलीच माणसं.

त्यात एक दृश्य आहे. सॉलोमन नावाचा पोरगा टबात बसलाय. पाणी काळपट झालंय. आई त्याचे केस धुते आणि तो तिथेच, त्या घाण पाण्यात बसून स्पॅगेटी खातो. त्याच्या मागच्या भिंतीच्या फरशीवर बेकनची, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाची, एक पट्टी चिकटपट्टीने लावलेली आहे. तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. वर्नर हेरझॉग या जर्मन दिग्दर्शकाला सगळ्या सिनेमात नेमकी तीच पट्टी भावली होती. मलाही तिथेच गपकन थांबायला झालं, पण कारण वेगळं.

मी सहावीत होतो तेव्हाची गोष्ट. आमचं घर साखर पेठेत, एक खोली. आई विड्या वळायची. मांडीवर सूप, हातात कात्री, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. एक दिवस मुंबईहून कॅमेरा घेऊन माणसं आली, विडी कामगार बायकांवर काहीतरी करत होती. चांगली बोलत होती, चहा प्यायली. आईच्या मागची भिंत मात्र त्यांना अडचणीची वाटली. त्या भिंतीवर माझ्या थोरल्या भावाने विडी बंडलाची लेबलं लावली होती. ब्रँचमध्ये, म्हणजे वळलेल्या विड्या जमा करायच्या तिथे, छपाई बिघडलेली लेबलं टाकून द्यायचे, तो ती गोळा करून आणायचा आणि खळ लावून ओळीने चिकटवायचा. सोनेरी काठाची लाल लेबलं, खालून पार पत्र्यापर्यंत. संध्याकाळी बल्ब लावला की भिंत नुसती लखलखायची.

त्यांनी आईची एक जुनी साडी मागितली आणि ती भिंत झाकली. मला म्हणाले, शाळेचा शर्ट काढ, बनियनवर बस. आमचं घर त्यांना हवं होतं त्यापेक्षा थोडं जास्त चमकत होतं.

गरिबीवरचे सिनेमे मी बरेच पाहिलेत. त्यात घर असतं, भूक असते, रडणं असतं. भावाची भिंत मला कुठेच दिसली नव्हती. ती पहिल्यांदा दिसली त्या बेकनच्या पट्टीत. कोरीनने ती पट्टी झाकली नाही.

आता मूळ मुद्दा. मी आणि माझे दोन मित्र येत्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेच्या, आसपास मोबाइलवर चाळीसेक मिनिटांचा सिनेमा करायचं म्हणतोय. अशोक चौकापासून बंद गिरणीपर्यंत दिवसभर फिरणारी चार पोरं. बारावी झालेली किंवा सुटलेली. पुण्याला जायचं म्हणतात पण अजून गेली नाहीत. “काय करूलालास बे?” असं विचारलं की “काय नाय” म्हणणारी. गोष्ट घालायची नाही असं ठरवलंय, कारण त्यांच्या दिवसाला गोष्ट नाही. पाणी येण्याची वाट, मित्राच्या गाडीची वाट, कुणाच्या तरी फोनची वाट. हे करावं का, आणि करताना काय सांभाळावं, तुम्ही सांगा.

विजापूर_वेस

मी हा सिनेमा अर्ध्यात बंद केला होता. मांजरांचं मला बघवलं नाही. पण तुमच्या भिंतीचं वाचून गलबललो.

अबोली

कांडीवाला, तुमचं लिखाण आवडलं आणि तरी मी विरोधात बोलणार आहे. मी बारा वर्षं सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विणकर आणि विडी कामगारांच्या वस्तीतल्या मुलामुलींना शिकवते.

‘गम्मो’ मी पूर्ण पाहिला आहे. त्यात डाऊन सिंड्रोम असलेली एक मुलगी आहे, तिला एक माणूस पैशासाठी वापरू देतो. ते दृश्य लिहिणाऱ्याला काय सांगायचं होतं ते मला कळतं. पण पडद्यावर ती मुलगी खरी आहे. नशेची पोरं कशी असतात ते टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात दाखवलं होतं, त्यातल्या एकाला बघून दिग्दर्शकाने त्याला सिनेमात घेतलं. म्हणजे एकदा टीव्हीने त्याचा तमाशा केला, मग सिनेमाने. न्यूयॉर्कच्या मोठ्या वर्तमानपत्रातल्या समीक्षकबाईंनी त्या वर्षीचा सगळ्यात वाईट सिनेमा म्हटलं होतं. मी तेवढं म्हणणार नाही, पण त्या का चिडल्या असतील ते मला समजतं.

साडीने भिंत झाकणारे लोक गरिबाला केविलवाणा करतात. हा सिनेमा गरिबाला विचित्र करतो. दोन्हीकडे बघणारा सुखरूप बाहेर बसलेला असतो. तुमच्या चार पोरांपैकी एखाद्याची आई पडद्यावर त्याला बघेल तेव्हा तिला काय वाटेल, याचं उत्तर आधी शोधा. गोष्ट नसली तर हरकत नाही. पण माणूस नुसता नमुना म्हणून उरू नये.

आणि झीनियाचं म्हणाल, तर तो सिनेमा तिथे काढलेलाच नाही. चित्रीकरण बहुतेक नॅशव्हिलला झालं, टेनेसी राज्यात. वादळ खऱ्या गावाचं, नाव खऱ्या गावाचं, घाण मात्र दुसऱ्याच गावची. उद्या कुणी दुसऱ्या शहराच्या उकिरड्यावर शूटिंग करून पाटी सोलापूरची लावली तर आपल्याला चालेल का?

कांडीवाला

अबोलीताई, नाही चालणार. झीनियाचं हे मी मनात दाबून ठेवलं होतं, तुम्ही नेमकं बाहेर काढलंत. डाऊन सिंड्रोमच्या मुलीचं दृश्य मलाही पटलेलं नाही, आणि त्याची बाजू मी घेणार नाही.

मला त्या सिनेमातलं एवढंच घ्यायचं आहे: न समजलेली वस्तू तशीच राहू द्यायची. पोरांकडून काय काढून घ्यायचं नाही, ते मी इथे विचारतोय.

सोळा_एमएम

कांडीवाला, तुम्ही चार्ल्स बर्नेटचा ‘किलर ऑफ शीप’ जरूर पाहा. मला वाटतं तुम्हाला ‘गम्मो’पेक्षा तो जवळचा आहे. लॉस एंजेलिसमधली वॉट्स ही कृष्णवर्णीयांची वस्ती. बर्नेट तिथेच वाढलेला. विद्यापीठात शिकत असताना त्याने १९७२-७३मध्ये शनिवार-रविवार धरून, ओळखीच्या माणसांना घेऊन, १६ एमएमच्या फिल्मवर कृष्णधवल चित्रण केलं. सगळा खर्च १०,००० डॉलरच्या आत. १९७७मध्ये प्रबंध म्हणून सादर केला.

मुख्य माणूस कत्तलखान्यात कामाला आहे, पण मला आठवतात ती पोरं. मोकळ्या रेल्वे यार्डात दगडफेक करणारी, धुळीत लोळणारी. आणि एक शॉट, कॅमेरा खाली जमिनीवर आहे आणि वरून पोरं एका इमारतीच्या गच्चीवरून दुसरीच्या गच्चीवर उड्या मारतात. मधे नुसतं आभाळ. आपण श्वास धरून बसतो, आणि पोरांना त्यात काहीच वाटत नाही. तिथे गरिबी कुणी समजावून सांगत नाही आणि कुणी विचित्रही दिसत नाही. अबोलीताईंच्या प्रश्नाचं उत्तर मला त्यात सापडतं. बर्नेटला ती गच्ची कुणी दाखवावी लागली नसेल.

आता कामाचं सांगतो, हे नीट ऐका. त्या सिनेमात जुनी गाणी भरपूर आहेत आणि त्यांचे हक्क घेतलेले नव्हते. त्यामुळे सिनेमा चित्रपटगृहात यायला २००७ उजाडलं. तीस वर्षं! गाण्यांच्या हक्कांसाठी सुमारे दीड लाख डॉलर मोजावे लागले, म्हणजे सिनेमाच्या खर्चाच्या पंधरापट. मधल्या काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहात त्याची निवडसुद्धा झाली होती, १९९०मध्ये, पण लोकांना तो बघायला मिळत नव्हता.

तुम्ही गड्ड्यात शूटिंग करणार. होम मैदानावर प्रत्येक पाळण्याला वेगळं गाणं लागलेलं असतं. अशोक चौकात हिंदी, माग चालतो तिथे तेलुगू. मोबाइलच्या माइकमध्ये ते सगळं शिरणार आणि पोरांचं बोलणं त्यापासून सुटं करता येणार नाही. म्हणून आवाज वेगळा धरा. गर्दीत नुसतं चित्र घ्या, बोलणं नंतर शांत जागी, त्याच पोरांकडून, त्याच दिवशी. एक साधा कॉलर माइक आणि दुसरा फोन पुरतो.

जेऊर_पॅसेंजर

आपल्या जिल्ह्यातला माणूस कुणी काढत नाही म्हणून मीच काढतो. नागराज मंजुळे जेऊरचे, करमाळा तालुक्यातले. ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, नंतर ‘फँड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ला लागला. मी तेव्हा कॉलेजात होतो.

‘फँड्री’ला गोष्ट आहे, त्यामुळे प्रायोगिक म्हणता येणार नाही. पण भिंतीचा विषय निघालाच आहे. शेवटाकडे जब्या, म्हणजे त्यातला मुख्य पोरगा, आणि घरचे मेलेलं डुक्कर बांबूला बांधून नेतात, तेव्हा मागे शाळेची भिंत येते. तिच्यावर आंबेडकर, सावित्रीबाई वगैरेंची चित्रं. कॅमेरा थांबत नाही, बोट दाखवत नाही. माणसं चालत राहतात, भिंत मागे सरकत राहते. साडी टाकून झाकणाऱ्याला हा शॉट सुचलाच नसता. आणि मग शेवटी जब्याचा दगड थेट आपल्या तोंडावर येतो. अबोलीताई म्हणतात तसा सुखरूप बसलेला बघणारा तिथे सुखरूप राहत नाही.

तुमचा सिनेमा मोबाइलवरचा असो की कशावरचा, तो दगड कुठून येणार ते मात्र ठरवा.

तारेपलीकडे

मी सेटलमेंटमधला. धागा दोन दिवस नुसता वाचत होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं आणि तारेच्या कुंपणात ठेवलं. सोलापूरची वसाहत त्यातलीच. कायदा १९५२मध्ये गेला. आमचे आजोबा हजेरी द्यायचे ते सांगायचे, किती वाजता, कुठे उभं राहायचं, सगळं.

आमच्याकडे फोटो म्हटलं की म्हातारी माणसं अजून आत जातात. फोटो काढणारा कोण आहे, कशाला काढतोय, कुणाला दाखवणार, हे तीन प्रश्न पाठ आहेत सगळ्यांना. माझा चुलतभाऊ एकोणीस वर्षांचा आहे, रील काढतो, दिवसाला पाच. त्याला कॅमेऱ्याची भीती नाही. पण दुसऱ्याने त्याच्यावर फोन धरला तर तोही तोंड फिरवतो.

कांडीवाला दादा, त्या चार पोरांकडे स्वतःचे फोन असतील. त्यांनी आधीच काढलेलं काय काय आहे ते बघितलंत का? आमच्या भावाच्या फोनमध्ये रात्री दोन वाजता पाण्याच्या टाकीवर चढून काढलेलं अख्खं सोलापूर आहे. गिरणीची चिमणी, त्याच्यापलीकडे सिद्धेश्वर तळ्याचा काळा डाग. मागे त्याच्या श्वासाचा आवाज, बाकी काही नाही. असलं काही तुम्हाला तिपाई लावून मिळणार नाही.

सोळा_एमएम

तारेपलीकडे, हे फार मोलाचं सांगितलंत. ‘गम्मो’मध्ये व्हिडिओ, सुपर ८ची घरगुती फिल्म, पोलरॉइड असं सगळं मिसळलं होतं. तिथे ती दिग्दर्शकाची निवड होती. इथे पोरांच्या हातात ते आधीच आहे. उभं काढलेलं असेल तर उभंच ठेवा, आडवं करण्यासाठी कापू नका.

अबोली

तारेपलीकडे यांचं वाचून मी माझं म्हणणं थोडं बदलते. पोरांनीच काढलेलं पोरांच्या परवानगीने वापरणार असाल तर माझा विरोध बराच कमी होतो.

तरी कायद्याचं सांगते, कारण उत्साहात ते राहून जातं. चौघे अठरा पूर्ण असतील तर ठीक. पण पोरांच्या मागे धाकटी भावंडं असतातच, आणि ती फ्रेममध्ये येतात. चौदा वर्षांखालच्या मुलाकडून सिनेमात काम करून घ्यायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांच्या वर नाही, सलग तीन तासांच्या वर नाही. मिळणाऱ्या पैशातला किमान २० टक्के हिस्सा मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो. शाळा बुडता कामा नये. तुम्ही म्हणाल आमच्याकडे पैसेच नाहीत, पण परवानगीचा भाग तरीही उरतो.

दुसरं याहून नाजूक आहे. आईशेजारी बसून दहा वर्षांची पोर विडीला दोरा गुंडाळताना दिसली तर तुम्हाला ते सुंदर दृश्य वाटेल. विडीचं काम मुलांना कायद्याने बंद आहे. तुमच्या सिनेमामुळे त्या बाईचं कार्ड, तिचं काम, तिचं घर धोक्यात येऊ शकतं. तुम्ही टाळ्या घेऊन जाल आणि तिला ब्रँचमध्ये उत्तरं द्यावी लागतील. ते दृश्य कितीही चांगलं असलं तरी ठेवू नका.

आणि संमती एकदा घेऊन भागत नाही. शूटिंगच्या आधी एकदा आणि कापून झाल्यावर त्यांना दाखवून पुन्हा एकदा. दुसऱ्या वेळी एखादा नको म्हणाला तर तेवढा भाग काढायचा, वाद घालायचा नाही.

मागवाला

आमचा एमआयडीसीत छोटा कारखाना आहे, टॉवेलचे आठ माग. सिनेमातलं मला कळत नाही, पण दोन गोष्टी सांगतो.

एक म्हणजे भाषा. पूर्व भागातल्या पोराच्या घरात तेलुगू, रस्त्यावर हिंदी, शाळेत मराठी. आईला तेलुगूत शिव्या खातो, मित्राला मराठीत देतो. सिनेमा लावायचा म्हणून सगळ्यांना स्वच्छ मराठी बोलायला लावाल तर आमच्याकडचं एकसुद्धा माणूस ते खरं मानणार नाही. खाली मराठीत लिहा पाहिजे तर.

दुसरं, ही पोरं मागावर का येत नाहीत ते नीट समजून घ्या. आळशी नाहीत. माझ्याकडे बारा तास उभं राहून जे मिळतं त्यापेक्षा पुण्यात डब्बे पोचवून जास्त मिळतं, आणि कानाला दडे बसत नाहीत. माझा कामगार घरी गेला तरी ओरडून बोलतो, त्याच्या बायकोची तक्रार आहे. त्याचा पोरगा म्हणतो, मी बापासारखं ओरडणार नाही. लक्ष्मी-विष्णू गिरणी बंद पडली तेव्हा ज्यांचे आजोबा घरी बसले, त्यांचे बाप मागावर आले. आता ही तिसरी पिढी चौकात उभी आहे. “नुसतीच थांबलीत” असं दाखवू नका, ती कशाला नाही म्हणतात तेही आलं पाहिजे.

कारखाना बघायला या. आठवडी सुट्टीला माग बंद असतात तेव्हा बोलणं रेकॉर्ड करता येईल. चालू मागाचा आवाज वेगळा घ्या, भीम (सूत गुंडाळलेला मागाचा रूळ) बदलताना एकेक माग बंद करून परत चालू करतात, तेव्हा एकेकटा आवाज मिळतो.

विजापूर_वेस

पैशाचं काय करणार? केरळात जॉन अब्राहम (हिंदीतला नट नव्हे, मल्याळी दिग्दर्शक) आणि ओडेसा नावाच्या मंडळींनी गावोगाव सिनेमे दाखवून, लोकांकडून वर्गणी गोळा करून १९८६मध्ये अख्खा सिनेमा उभा केला होता. चौकाचौकात मंडळं असलेल्या गावात आपल्याला हे अवघड नसावं. माझ्याकडून ५०० रुपये धरा.

कांडीवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. काय ठरलं ते सांगतो.

काल चौघांना घेऊन मार्कंडेय उद्यानात बसलो. तारेपलीकडे म्हणाले तसं आधी फोन दाखवायला सांगितले. दोघांनी लगेच दिले, एकाने निवडून चार व्हिडिओ दाखवले, चौथा नाही म्हणाला. तो अजूनही नाहीच म्हणतोय, त्यामुळे आता तीन पोरं आहेत. एकाच्या फोनमध्ये त्याच्या आजीचे हात आहेत, सात मिनिटं, नुसते हात. सुपात काही नाही, विड्या वळणं तिने सोडून दोन वर्षं झाली, पण बोटं चालूच आहेत. बाजूला टीव्हीवर तेलुगू मालिका. मी त्याला विचारलं, का काढलंस? म्हणाला, “झोप येत नव्हती.” सोळा_एमएम, मालिकेचा आवाज काढावा लागेल, मला कळतंय, पण जीव तुटतोय.

अबोलीताई, लहान मुलं आणि विडी एकत्र येणार नाही, हे लिहून ठेवलं. कापून झाल्यावर पहिला खेळ तिघांच्या घरच्यांसाठी, बाकी कुणी नाही. आई नको म्हणाली तरी ते नको.

मागवाला अण्णा, तुम्ही “नाही म्हणणं” म्हणालात आणि आमचा सिनेमाच बदलला. आम्ही वाट पाहण्यावर अडून बसलो होतो. आता तिघांना एकच विचारणार आहे, तू कशाला नाही म्हणालास. तेलुगूत, हिंदीत, ज्यात येईल त्यात.

भिंतीचंही राहिलं होतं. ती खोली आम्ही सोडली, आईला कुंभारीला घरकुल मिळालं. भावाला फोन करून वीस वर्षांनी विचारलं, लेबलं कशाला लावायचास? त्याला आठवेना. मग म्हणाला, पावसाळ्यात त्या बाजूने ओल यायची, खळ लावलेल्या कागदाने चार दिवस थांबायची. ओली झाली की नवी लावायचो. मी इतकी वर्षं ती शोभा समजत होतो. साडी टाकली त्या दिवशीही त्याला राग आला होता, पण वेगळ्या कारणाने: दोन लेबलं फाटली होती.

सोमवारी आमच्या भागात नळाला पाणी येणार आहे, त्यामुळे तिघेही घरात अडकतील. मंगळवारी सकाळी साडेआठला अण्णांच्या कारखान्यावर भेटतोय. ज्यांना यायचं त्यांनी इथेच कळवा, आणि विजापूर_वेस, पाचशे तूर्त तुमच्याकडेच ठेवा. आधी कॉलर माइक कुणाकडे उसना मिळतो का बघू.

मागवाला

मंगळवारी भीम बदलायचाय, या. चहा आमच्याकडे.